जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: आधीची तयारी आणि नंतरचं मराठी टायपिंग

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. त्यामुळे २०१७ आणि त्याआधीचे जवळजवळ सगळे लॅपटॉप यादीबाहेर गेले. त्यांतले कितीतरी आय३-आय५ अजून धडधाकट आहेत. कीबोर्ड शाबूत आहे, स्क्रीन बरी आहे, तरी घरात ‘आता याचं काय करायचं’ म्हणून पडून आहेत. विंडोजऐवजी किंवा विंडोजशेजारी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तर ते पुन्हा वापरात येतात. ते भंगारात जाऊ नयेत असं मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत, उदाहरण त्यांतल्या लिनक्स मिंटच्या २२ मालिकेचं घेतलं आहे. ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ अशी मांडणी असल्यामुळे विंडोजची सवय असलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हात चाचपडावे लागत नाहीत. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन डेस्कटॉपची आवृत्ती घ्या, ४ जीबी असेल तर हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपची. ४ जीबीवर सिनॅमन चालतं, पण ब्राउझरमध्ये सात-आठ टॅब उघडले की दम लागतो.

प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन साध्या एसएसडीवर वीस-पंचवीस मिनिटांत होतं. गडबड होते ती बहुतेक वेळा त्याआधीची तयारी मनावर न घेतल्यामुळे. म्हणून या लेखाचा बराच भाग पेनड्राइव्ह लावण्याआधीचा आहे.

आधी पेटी उघडा

लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तरी तो रखडणारच. आधी २.५ इंची साटा एसएसडी बसवा. जाडी ७ मिलिमीटरची घ्या आणि २४०-२५६ जीबी पुरे. एम.२, म्हणजे लहान पट्टीसारख्या एसएसडीची, खाच दिसली म्हणून लगेच एनव्हीएमई कार्ड आणू नका. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती खाच फक्त एम.२ साटा कार्ड ओळखते. मॉडेल नंबर घालून कंपनीच्या माहितीपत्रकात बघा, मगच खरेदी करा.

रॅम वाढवायची असेल तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ खाली ‘मेमरी’ उघडा. किती स्लॉट वापरात आहेत ते तिथे दिसतं. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘एसओडिम’ असेल तर पट्टी बदलता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डावरच डाखलेली आहे. चौथ्या-पाचव्या पिढीत डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टची पट्टी लागते. दुकानदार कधीकधी १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ पुढे करतो. ती बसते, पण लॅपटॉप सुरूच होत नाही. सहाव्या पिढीत डीडीआर३एल आणि डीडीआर४ दोन्ही प्रकार आढळतात, म्हणून जुनी पट्टी काढून तिच्यावरचं लेबल वाचा. झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीची वायर सोडवण्याचं.

विंडोज चालू असतानाच उरकायचं

सगळ्यात आधी बॅकअप. कागदपत्रं आणि फोटो सगळेच घेतात. विसरतात ते ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, आउटलुकची पीएसटी फाइल, टॅलीचं डेटा फोल्डर आणि विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सची माहिती. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनला त्याच कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर लागतो, तो आहे की नाही हे आधी पाहा. हिशेबाचं किंवा जीएसटीचं काम त्याच यंत्रावर होत असेल तर विंडोज पुसू नका, शेजारी लिनक्स ठेवा.

मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते बघा. बऱ्याच लॅपटॉपवर ते मालकाच्या नकळत चालू झालेलं असतं. तसंच ठेवून बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) किंवा टीपीएमला हात लावला, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात पडलेली असते. ती की कागदावर उतरवा आणि एन्क्रिप्शन पूर्ण बंद होऊ द्या. डिस्कच्या आकारानुसार याला एक-दोन तासही लागतात. अर्ध्यात बंद करू नका.

कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. ती असली की ‘शट डाउन’ म्हटल्यावर विंडोज खरं बंद होत नाही, निम्मं झोपतं आणि डिस्क अर्धवट उघडी सोडतं. मग लिनक्समधून सी ड्राइव्ह फक्त वाचता येतो, त्यात काही लिहिता येत नाही. ‘कॉपी होत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

आता ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ वाचा. ‘यूईएफआय’ ही नवी पद्धत लिहिली आहे की ‘लेगसी’ ही जुनी, हे टिपून ठेवा. शेजारी-शेजारी दोन सिस्टिम ठेवायच्या असतील तर दोन्ही एकाच पद्धतीने बसल्या पाहिजेत. विंडोज लेगसी आणि लिनक्स यूईएफआय असं झालं, तर सुरुवातीच्या यादीतून विंडोजवर जाता येत नाही.

जागा मोकळी करायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. सी ड्राइव्हवर उजवी टिचकी, ‘श्रिंक व्हॉल्यूम’, आणि किमान ६० जीबी. १०० देता आले तर उत्तम. डिस्क अर्धी रिकामी असूनही फक्त दोन-चार जीबीच सुटतात असं दिसलं, तर मध्येच बसलेली हलवता न येणारी फाइल आडवी येते आहे. हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टिम रिस्टोर तात्पुरतं बंद करा, यंत्र पुन्हा सुरू करा आणि परत प्रयत्न करा. सुटलेली जागा मोकळीच ठेवा, तिला ड्राइव्हचं नाव देऊ नका.

पेनड्राइव्ह

आयएसओ फाइल, म्हणजे मिंटची एकाच फाइलीत बांधलेली पूर्ण प्रत, तीन जीबीच्या आसपास असते, पेनड्राइव्ह ८ जीबीचा घ्या. फाइल मिंटच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. आयएसओ पेनड्राइव्हवर चढवणाऱ्या रूफस या विंडोजवरच्या मोफत प्रोग्रॅममध्ये आयएसओ निवडल्यावर शेजारची बरोबरच्या खुणेची कळ दाबली की फाइलचा एसएचए२५६ आकडा निघतो. तो साइटवरच्या आकड्याशी जुळवा. एक अक्षर जरी वेगळं असेल तर फाइल पुन्हा उतरवा. मोबाइल हॉटस्पॉटवरून उतरवलेल्या फाइली कधीकधी अर्धवट निघतात, आणि तो दोष इन्स्टॉलेशनच्या सत्तराव्या टक्क्याला उघडा पडतो.

रूफस विचारेल: आयएसओ पद्धत की डीडी पद्धत? आधी आयएसओ. त्याने सुरू झालं नाही तरच डीडी. डीडीनंतर विंडोजला पेनड्राइव्ह मोडल्यासारखा दिसतो. तो मोडलेला नसतो, नंतर फॉरमॅट केला की परत वापरता येतो.

सुरू करून आधी वापरून बघा

बूट मेनूची कळ डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसवर एस्केप. एसरवर एफ१२च, पण ती आधी एफ२ने बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ‘यूईएफआय’ लिहिलेली ओळ घ्यायची की दुसरी, हे मघाशी टिपलेल्या नोंदीवरून ठरवा.

‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ असा संदेश आला तर तुमची आयएसओ जुनी आहे. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटने जुने बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारे छोटे प्रोग्रॅम, नाकारायला सुरुवात केली. नवी आयएसओ घ्या. स्क्रीन काळीच राहिली तर पहिल्या यादीतला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा. हा त्रास मुख्यतः एनव्हिडिया कार्ड असलेल्यांना होतो.

समोर येतो तो चालता-बोलता डेस्कटॉप, डिस्कला अजून हातही लागलेला नसतो. इथे अर्धा तास खर्च करा. वायफाय जोडा, आवाज ऐका, कॅमेरा उघडा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवून बघा, प्रकाश कमी-जास्त करा, झाकण मिटून पुन्हा उघडा. इथे जे चालतं ते पुढेही चालतं.

वायफाय दिसतच नसेल तर ब्रॉडकॉमची चिप असण्याची शक्यता मोठी. फोन यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, लगेच इंटरनेट मिळतं. इन्स्टॉलेशननंतर ड्रायव्हर मॅनेजर योग्य ड्रायव्हर सुचवतो. वायफाय जोडलं जातं पण राउटरशेजारी बसलं तरच रेंज मिळते, अशी दुसरी तऱ्हा आरटीएल८७२३बीई या रिअलटेक चिपची. काही लॅपटॉपमध्ये तिला एकच अँटेना जोडलेला असतो आणि ड्रायव्हर दुसऱ्या टोकाशी ऐकत बसतो. मॉड्यूलचा ‘अँट_सेल’ हा पर्याय १ किंवा २ करून बघितला की रेंज सुधारते.

इन्स्टॉलेशन

डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल’ चिन्हावर दोनदा टिचका. भाषा इंग्रजीच ठेवावी असं माझं मत आहे. मराठी निवडली तरी इथे काही अडत नाही. पण मेनूचं भाषांतर अपुरं आहे, आणि एखादा दोष इंटरनेटवर शोधायचा तर त्याचे मूळ इंग्रजी शब्द हातात असलेले बरे. मराठी लिहिण्या-वाचण्याची सोय त्याने कमी होत नाही. ‘मल्टिमीडिया कोडेक्स’ची खूण करा, म्हणजे व्हिडिओ आणि गाणी पहिल्या दिवसापासून चालतील. वेळेच्या नकाशावर कोलकाता निवडा.

मग येतो खरा प्रश्न. ‘इन्स्टॉल अलाँगसाइड’ म्हणजे शेजारी, ‘इरेज डिस्क’ म्हणजे सगळं पुसून. दुसरा पर्याय निवडल्यावर विंडोज, डी ड्राइव्ह आणि त्यातले फोटो सगळं जातं. डी ड्राइव्ह वाचेल अशा समजुतीत राहू नका, डिस्क एकच आहे. ‘समथिंग एल्स’ निवडलंत तर मोकळ्या जागेत ईएक्सटी४ प्रकारचं पार्टिशन करा आणि त्याला ‘/’ हे ठिकाण द्या. सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींचं आधीचं ईएफआय पार्टिशन तसंच वापरा, त्याच्या ‘फॉरमॅट’च्या चौकटीत खूण असता कामा नये.

डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटा मोड ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर असतो. तो ‘एएचसीआय’ करायचा. पण थेट बदललात तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून अडेल. आधी विंडोजच्या ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये ‘सेफ बूट’ची खूण करा, पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये जाऊन मोड बदला, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या, मग खूण काढा.

सिक्युअर बूट चालू असेल तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. पुढच्या सुरुवातीला निळ्या पडद्यावर ‘एमओके मॅनेजमेंट’ येतं आणि दहा सेकंदांत निघून जातं. त्या दहा सेकंदांत कोणतीही कळ दाबून ‘एन्रोल एमओके’ निवडा आणि तोच पासवर्ड द्या. हे चुकलं की एनव्हिडिया किंवा ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर बसलेला दिसतो, पण चालत नाही.

पहिला दिवस

अपडेटच्या आधी टाइमशिफ्ट हा सिस्टिमच्या प्रती ठेवणारा प्रोग्रॅम उघडा. आरसिंक पद्धत निवडा, रोजच्या दोन आणि आठवड्याची एक प्रत ठेवा. २५६ जीबीच्या डिस्कवर याहून जास्त प्रतींनी जागा भरते. एखाद्या अपडेटनंतर काही बिघडलं तर याच प्रतीवर परत जाता येतं. तुमचं होम फोल्डर मात्र यात धरलेलं नसतं आणि प्रती त्याच डिस्कवर असतात. त्यामुळे फोटो-कागदपत्रांचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर हवाच.

मग अपडेट मॅनेजर. त्याच्या सेटिंग्जमधून जवळचा सर्व्हर निवडला की उतरवण्याचा वेग बराच वाढतो. त्यानंतर ड्रायव्हर मॅनेजर.

दोन्ही सिस्टिम असतील तर घड्याळ साडेपाच तासांनी चुकलेलं दिसेल. विंडोज लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तिथे जागतिक वेळ आहे असं धरतं. टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत दिली की दोघांचं जुळतं. एखाद्या दिवशी लॅपटॉप थेट विंडोजमध्येच उघडायला लागला तर घाबरू नका. मोठ्या अपडेटनंतर क्रम बदलतो. बायोसच्या बूट यादीत ‘उबुंटू’ नावाची ओळ वर घ्या. मिंटची नोंद तिथे याच नावाने असते, म्हणून अनेकांना ती सापडत नाही.

प्रिंटर नवा, नेटवर्कवरचा असेल तर आपोआप ओळखला जातो. झेरॉक्सच्या दुकानांत दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९००ला मात्र कॅननचा जुना कॅप्ट ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं किचकट आहे. एचपी लेझरजेट १०२०ला एचपीलिपचं प्लगइन एकदा उतरवावं लागतं.

मराठी

इथे घाई करू नये. याच पायरीवर लोक ‘लिनक्समध्ये मराठी नीट होत नाही’ म्हणून परत फिरतात.

दोन वाटा आहेत. पहिली: कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘लेआउट्स’ उघडून भारताखालचं मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांच्या कळांची प्रमाण मांडणी, जोडणं. दोन मिनिटांचं काम. मर्यादा अशी, की या पद्धतीत एक कळ एकच चिन्ह देते. विंडोजवर शिफ्टसह ५, ६, ७ दाबून ज्ञ, त्र, क्ष मिळवण्याची सवय असेल तर ती इथे चालत नाही. जोडाक्षर सुटं लिहावं लागतं. त्र म्हणजे त, हलन्त, र, कळी एल, डी, जे. क्ष म्हणजे के, डी आणि शिफ्टसह स्वल्पविराम. ज्ञ म्हणजे पी, डी आणि शिफ्टसह बंद चौकोनी कंस. ळ शिफ्ट-एनवर आहे, ण शिफ्ट-सीवर.

दुसरी वाट आयबसची, म्हणजे वेगवेगळ्या भाषांत टायपिंग करून देणाऱ्या प्रोग्रॅमची. सॉफ्टवेअर मॅनेजर किंवा सिनॅप्टिकमधून ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज घ्या. मेनूतल्या ‘इनपुट मेथड’मध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून परत या. मग आयबसच्या प्राधान्यांत मराठी जोडा. तिथे इनस्क्रिप्ट२ आहे, फोनेटिक आहे, आणि मराठी संकेतस्थळांवर वर्षानुवर्षं लिहिणाऱ्यांच्या बोटांत बसलेलं गमभनही आहे. भाषा बदलायला सुपर म्हणजे विंडोजची कळ आणि स्पेस. लॉगआउट न करता करून बघितलं तर काही प्रोग्रॅममध्ये मराठी येतं आणि काहींत नाही. हा दोष आयबसचा नाही, आधीपासून उघडे असलेले प्रोग्रॅम त्याला ओळखत नाहीत.

मिंटसोबत येणाऱ्या लिबरऑफिस या ऑफिस संचामध्ये ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लँग्वेजेस’ असं जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी मराठी निवडा, हिंदी नव्हे. याने फक्त नाव बदलत नाही. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं वेगळी साठवलेली आहेत आणि मजकुराची भाषा मराठी असेल तेव्हाच ती बाहेर येतात. छापलेल्या पानावर हिंदी वळणाचा ल दिसला की कारण इथे शोधा. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता हाही मुक्त परवान्याचा देखणा फॉन्ट आहे.

जुन्या फाइली श्री-लिपी, कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये असतील तर त्या लिनक्सवर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. दोष लिनक्सचा नाही. त्या फाइलीत मराठी अक्षरं कधी नव्हतीच, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवलेल्या होत्या. फॉन्टची टीटीएफ फाइल होम फोल्डरमध्ये फॉन्टच्या जागी ठेवली तर वाचता येतं. मात्र शोध, वर्णक्रम, ईमेल यांसाठी मजकूर युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतातच आणावा लागतो. श्री-लिपीवाल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनेच लोहित फॉन्ट पुरवले आणि रेड हॅटने ते मुक्त परवान्याखाली सर्वांना दिले. लिनक्सवर मराठी दिसायला त्यांनी मोठा हातभार लावला आहे.

रूपांतर झाल्यावर डोळे मिटून स्वीकारू नका. सगळ्यात जास्त चुका अर्ध्या र मध्ये होतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, शिवाय ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ हे शब्द फाइलीत शोधून बघा. काही रूपांतरक ऱ, हलन्त, य असं लिहितात. काही साधा र, हलन्त, मध्ये न दिसणारं जोडचिन्ह आणि य असं लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि निम्मे सापडत नाहीत. लिबरऑफिसच्या ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये जोडचिन्हाचा प्रकार ‘फाइंड’च्या चौकटीत चिकटवा, दुसरा ‘रिप्लेस’च्या चौकटीत इनस्क्रिप्टने टाइप करा: शिफ्ट-जे, डी, आणि य साठी तिरक्या रेघेची कळ. सगळीकडे हाच ऱ ठेवा, आणि ‘वऱ्हाड’साठी य च्या जागी ह घालून तोच शोध पुन्हा एकदा चालवा.